पगाराच्या प्रोग्रॅममधले मुके आकडे: कोणाला नाव द्यावे, कोणाला देऊ नये

पगारपत्रक काढणाऱ्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमची फाइल पहिल्यांदा उघडली, की १२, २६, २००, ३००, ७८०, १८०० असे आकडे जागोजाग सांडलेले दिसतात. ज्याने ते लिहिले त्याला त्या दिवशी त्यांचा अर्थ तोंडपाठ होता. पण आता तो माणूस कंपनीत नसतो, असला तरी त्याला आठवत नसते, आणि तुमच्यावर मात्र या महिन्याच्या पगाराआधी एक दर बदलून देण्याचे काम येऊन पडलेले असते. अशा आकड्यांना आमच्या धंद्यात मॅजिक नंबर म्हणतात. मला 'मुके आकडे' हे नाव अधिक पटते, कारण जादू त्यांच्यात काहीच नसते. आपण कुठून आलो एवढेच ते सांगत नाहीत.

आकड्यांना नाव देऊन त्यांचे स्थिरांक, म्हणजे ऑफिसच्या बोलीत कॉन्स्टंट, करावेत हे प्रत्येक अभ्यासक्रमात एका वाक्यात उरकलेले असते. कोणत्या आकड्याला नाव द्यावे, कोणत्याला देऊ नये आणि नाव देऊनही कुठे फसगत होते, हे मी पगार आणि हजेरीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना चुका करत शिकले. या कामात नव्याने येणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळे टप्पे क्रमाने लिहीत आहे. उदाहरणे महाराष्ट्रातल्या पगारपत्रकातली घेतली आहेत, कारण इतक्या तऱ्हेतऱ्हेचे आकडे एका ठिकाणी क्वचितच भेटतात. ती उदाहरणापुरतीच घ्यावीत. प्रत्यक्ष पगार काढताना त्या वेळी लागू असलेली अधिसूचनाच पाहावी.

कोडच्या ओळी देवनागरीत लिहिल्या आहेत. पायथन ३ अशी देवनागरी नावे विनातक्रार स्वीकारते, मात्र अंक त्याला इंग्रजी पद्धतीचेच लागतात. इथले अंक केवळ वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत ठेवले आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- प्रोग्रॅमची गिटमधली (कोडचे जुने-नवे बदल जपून ठेवणाऱ्या साधनातली) ताजी प्रत आणि या कामापुरती काढलेली वेगळी ब्रँच, म्हणजे मूळ कोडला धक्का न लावणारी फांदी.
- शोधाचे साधन: ग्रेप किंवा तुमचा नेहमीचा एडिटर, पण त्यात पूर्ण शब्द जुळवून शोधण्याची सोय चालू केलेली असावी, नाहीतर १२ शोधताना १२५० आणि ३१२ हेही हाती येतात.
- मंजूर झालेली आणि वाटप झालेली किमान तीन महिन्यांची पगारपत्रके. त्यांतले एक फेब्रुवारीचे असलेच पाहिजे. कारण पुढे येईल.
- भविष्य निर्वाह निधी (पीएफ), कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), व्यवसायकर आणि ग्रॅच्युइटी यांच्या ज्या अधिसूचनांवरून दर आले, त्यांच्या प्रती.
- पगाराचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या अकाउंटंटचा अर्धा तास. या यादीतली सर्वांत मोलाची वस्तू हीच आहे आणि नवे लोक नेमकी हीच मागायला संकोचतात.

१. सगळे आकडे आधी एका यादीत आणावेत

कोडला लगेच हात लावू नये. आधी एक साधी एक्सेल शीट करावी आणि तिच्यात चार रकाने ठेवावेत: आकडा, फाइल व ओळ, त्याचा अर्थ, आणि तो कुठून आला. शेवटचे दोन रकाने सुरुवातीला रिकामे राहतील, त्याची काळजी करू नये.

आकडे शोधून देणारी साधने आहेत. जावासाठी चेकस्टाइलमध्ये मॅजिक नंबर नावाची तपासणी आहे, जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंटमध्ये तसाच नियम आहे, आणि पायलिंटमध्येही तुलनेत वापरलेल्या उघड्या किमती दाखवणारी तपासणी वेगळी चालू करता येते. ही साधने जरूर वापरावीत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. चेकस्टाइल मुळातच उणे १, ०, १ आणि २ या आकड्यांकडे दुर्लक्ष करते, आणि बहुतेक वेळा ते योग्यही असते. आता महाराष्ट्राचा व्यवसायकर पाहा. महिना दहा हजारांहून अधिक पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठेतरी महिना २ आहे का असे विचारलेले असणारच. हा २ या सबंध प्रोग्रॅममधला सर्वांत मुका आकडा आहे आणि साधन त्याच्यावरून मुकाट पुढे निघून जाते.

इथेच एक खड्डाही आहे. जावास्क्रिप्टच्या तारखेत महिने शून्यापासून मोजतात, त्यामुळे तिथे २ म्हणजे मार्च. पायथनमधला हिशेब जसाच्या तसा ब्राउझरमध्ये उतरवला, तर तीनशे रुपये एक महिना उशिरा कापले जातील आणि अकरा महिने कोणालाही शंका येणार नाही. 'फेब्रुवारी' असे नाव असते तर ते उतरवून घेणाऱ्याने एकदा तरी थांबून खात्री केली असती.

२. प्रत्येक आकड्याचे मूळ शोधावे

आता रिकामे रकाने भरायचे. आकड्याचा अर्थ आणि आकड्याचे मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लिहिणे आवश्यक आहे. ग्रॅच्युइटीच्या हिशेबातली ही ओळ घ्या:

ग्रॅच्युइटी = पगार * १५ / २६ * वर्षे

नवख्या माणसाला २६ ही टायपिंगची चूक वाटते. महिना तर ३० दिवसांचा असतो. मी स्वतः एका मुलाला हा २६ बदलून ३० करताना ऐन वेळी अडवले आहे. अर्थ असा, की सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा आणि एका दिवसाचा पगार काढताना चार साप्ताहिक सुट्ट्या वगळून महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. मूळ असे, की ही रीत ग्रॅच्युइटी अधिनियम, १९७२ मधून आली. अर्थ कळला म्हणजे नाव सुचते, आणि मूळ कळले म्हणजे हा आकडा बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते कळते. २६ तुमच्या कंपनीच्या मर्जीचा नाही. पण रजेचा पगार कापताना भागिले ३० करायचे की भागिले २६, हे कंपनीचे धोरण असू शकते. त्याच प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कामासाठी दुसरा २६ असू शकतो, हे लक्षात ठेवून पुढे जावे.

मूळ शोधताना गिट ब्लेमने ती ओळ कोणी, कधी आणि कोणता संदेश देऊन घातली ते पाहावे, आणि मग यादी घेऊन अकाउंटंटकडे जावे. त्यांना कोड दाखवू नये. "हे अठराशे कसले?" असा सरळ प्रश्न विचारावा, उत्तर बहुधा चहाचा कप खाली ठेवण्याच्या आत मिळते. एवढे करूनही एखाद्या आकड्याचे मूळ सापडले नाही, तर त्याला अंदाजाने नाव देऊ नये. शेजारी 'मूळ सापडले नाही' अशी टीप तारखेसह लिहून आकडा तसाच ठेवावा. चुकीचे नाव मुक्या आकड्यापेक्षा घातक ठरते, कारण मुक्या आकड्यावर लोक निदान संशय तरी घेतात.

३. कोणाला नाव लागत नाही ते ठरवावे

माझी कसोटी अगदी घरगुती आहे. कोडची ओळ फोनवर सहकाऱ्याला वाचून दाखवावी. ऐकणाऱ्याने "कसले बारा?" असे विचारले, तर त्या बाराला नाव हवे. विचारले नाही, तर तो आकडा आहे तसा बरा.

या कसोटीवर शून्यापासून मोजणी, एकाने वाढवणे, सरासरीसाठी दोनाने भागणे हे सगळे सुटते. नावात 'टक्के' असा शब्द आला असेल, तर त्याच ओळीतल्या भागिले १०० लाही वेगळे नाव लागत नाही. पुष्कळ नवे लोक नियम शिकल्याच्या उत्साहात 'शंभर = १००' आणि 'शून्य = ०' असे लिहितात, आणि मग साधा भागाकारही वाचताना दोनदा वर जाऊन पाहावे लागते. आकडा एकदाच आला आहे म्हणून नाव नको, हा युक्तिवादही मला पटत नाही. ग्रॅच्युइटीचा २६ एका प्रोग्रॅममध्ये एकदाच येतो आणि तरीही त्याला नाव हवे. किती वेळा आला यापेक्षा वाचणाऱ्याला त्याची ओळख पटते का, हे पाहावे.

चाचण्यांच्या, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर उत्तर देतो का ते तपासणाऱ्या कोडच्या, बाबतीत माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. अपेक्षित उत्तर चाचणीत उघड्या आकड्यानेच लिहावे. वीस हजार पगारावर पीएफची (पंधरा हजारांच्या मर्यादेचे बारा टक्के) अठराशे कपात यायला हवी असेल, तर चाचणीत सरळ १८०० लिहावे. तिथेही तेच स्थिरांक घेऊन तोच गुणाकार केला, तर स्थिरांक चुकल्यावर प्रोग्रॅम आणि चाचणी दोघेही एकाच सुरात चुकतील.

४. नाव ठेवताना अर्थ आणि एकक दोन्ही सांगावेत

नाव किमतीवरून ठेवू नये. 'बारा = १२' असे लिहिल्याने काही साधत नाही, आणि हा विनोदही नाही: पीएफचा सर्वसाधारण दर १२ टक्के असला, तरी काही ठरावीक आस्थापनांना १० टक्के लागू होतो. अशा ग्राहकासाठी कोणीतरी घाईत 'बारा = १०' असे करून ठेवलेले मी पाहिले आहे. त्यानंतर ती फाइल वाचताना हसावे की रडावे तेच कळत नाही.

एककाचे महत्त्व कर्मचारी राज्य विम्याच्या दरात चांगले दिसते. १ जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के झाला. आता हे पाहा:

ईएसआय_दर = ०.७५

वाचणाऱ्याला हे पाऊण टक्का वाटेल की पंचाहत्तर टक्के? दोन्ही अर्थ तितकेच संभवतात, कारण पुष्कळ प्रोग्रॅमर बारा टक्के ०.१२ असे लिहितात. 'ईएसआय_कर्मचारी_दर_टक्के = ०.७५' असे लिहिले, की प्रश्नच उरत नाही. रुपये की पैसे, दिवस की तास, महिना की वर्ष, हे सगळे असेच नावाच्या शेपटीत यावे. एकक न जुळल्याने काय होते याचे एक महागडे उदाहरण १९९९ चे: नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून हरवले, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाची आकडेवारी पौंड-बल सेकंदांत दिली आणि पुढचा हिशेब ती न्यूटन सेकंदांत आहे असे धरून झाला. आपल्याकडे फार तर एखाद्या कामगाराचा पगार चुकेल. पण त्याच्या दृष्टीने तो मंगळाहून लहान नसतो.

मोठे आकडे लिहिताना पायथन ३.६ पासून आणि जावा ७ पासून अंकांमध्ये अधोरेषा टाकता येते, आणि ती तीन-तीन अंकांनीच टाकली पाहिजे असे बंधन नाही. ग्रॅच्युइटीची वीस लाखांची मर्यादा '२०_००_०००' अशी आपल्या सवयीने लिहिली, तरी संगणकाची तक्रार नसते आणि शून्ये मोजत बसावे लागत नाही.

जाता जाता एक अडचण. स्थिरांकाचे नाव संपूर्ण मोठ्या अक्षरांत लिहावे असा पायथनच्या पेप ८ या लेखनसंकेताचा आग्रह आहे, आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतातच. म्हणून प्रत्यक्ष कामात मी नावे रोमन लिपीतच ठेवते. देवनागरी नावे ठेवायचीच असतील, तर स्थिरांक ओळखू येईल असा एखादा ठरावीक उपसर्ग संघाने आधी ठरवून घ्यावा.

५. एका कारणाला एक नाव द्यावे, एका आकड्याला नव्हे

नव्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथे होते, म्हणून थोडे थांबते. या दोन ओळी शेजारी शेजारी पाहा:

पीएफ_कपात = पगार * १२ / १००
वार्षिक_पगार = पगार * १२

दोन्हींत १२ आहे, पण पहिला कायद्यातून आला आणि दुसरा पंचांगातून. पहिला उद्या बदलू शकतो. दुसरा बदलला तर पगारपत्रकापेक्षा मोठे प्रश्न उभे राहतील. शोधा-आणि-बदला करून सगळीकडे एकच नाव टाकणारा मनुष्य ज्या दिवशी दर १० करतो, त्या दिवशी सगळ्यांचे वर्ष दहा महिन्यांचे होते. म्हणून 'पीएफ_दर_टक्के' आणि 'वर्षातले_महिने' ही दोन वेगळी नावे हवीत, किंमत योगायोगाने सारखी असली तरी.

हे उदाहरण तसे ढोबळ आहे. फसवणारी उदाहरणे अधिक सूक्ष्म असतात. महाराष्ट्राच्या व्यवसायकरात पूर्वी १०,००० हा आकडा दोन ठिकाणी होता. पुरुषांसाठी १७५ रुपयांचा टप्पा तिथे संपत असे, आणि स्त्रियांना त्या पगारापर्यंत कर माफ असे. आकडाही तोच, करही तोच आणि कायदाही तोच, म्हणून अनेकांनी दोन्हींसाठी एकच 'व्यवसायकर_मर्यादा' वापरली. १ एप्रिल २०२३ पासून स्त्रियांची माफी २५,००० रुपयांपर्यंत गेली आणि पुरुषांचा टप्पा जागचा हलला नाही. ज्यांनी एकच नाव ठेवले होते, त्यांनी ते बदलताच पंधरा-वीस हजार पगाराच्या पुरुषांचा २०० रुपयांचा करही गडबडला.

स्वतःला विचारावे, की यातला एक आकडा बदलला तर दुसरा बदलणे भाग आहे का. भाग असेल तर एक नाव, नसेल तर दोन. उत्तर ठाऊक नसेल तर दोनच ठेवावीत. दोन नावे पुढे एक करणे सोपे असते, एकाची दोन करताना मात्र प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागते.

६. हिशेबातून निघणारे आकडे लिहू नयेत, काढावेत

ही माझी स्वतःची चूक आहे. पीएफची वेतनमर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. ज्या कंपन्या मर्यादेपुरताच पीएफ कापतात, त्यांच्यासाठी मी प्रोग्रॅममध्ये ६५०० शोधला, सापडला तिथे १५००० केला, चार ओळी तपासल्या आणि निर्धास्त झाले. पगार झाल्यावर एका कारखान्याच्या अकाउंटंटबाईंचा फोन आला: "अहो, आमच्या मॅनेजरसाहेबांचा पीएफ हेल्परपेक्षा कमी कसा काय कापलाय?"

प्रोग्रॅममध्ये असे लिहिले होते, की पगार मर्यादेहून अधिक असेल तर ७८० कापा, नाहीतर पगाराच्या बारा टक्के कापा. ७८० म्हणजे ६,५०० चे बारा टक्के. कोणीतरी गुणाकाराचे श्रम वाचवण्यासाठी उत्तरच लिहून ठेवले होते. मी मर्यादा बदलली, पण ७८० मध्ये ६५०० हे अंकच नसल्याने तो शोधात सापडला नाही. परिणामी नऊ हजारांच्या हेल्परचे १,०८० रुपये कापले गेले आणि चाळीस हजारांच्या मॅनेजरचे ७८०. पेन्शन योजनेच्या वाट्यातही असाच एक ५४१ लपलेला होता, म्हणजे ६,५०० चे ८.३३ टक्के; तो दुसऱ्या दिवशी सापडला. चलन भरण्याआधी फोन आला हे नशीब.

म्हणून ७८० च्या जागी १८०० लिहिणे ही दुरुस्ती नव्हे, ती पुढच्या माणसासाठी लावून ठेवलेला सापळा आहे. लिहायचे ते असे:

पीएफ_वेतनमर्यादा_रुपये = १५०००
पीएफ_दर_टक्के = १२
पीएफ_कमाल_कपात_रुपये = पीएफ_वेतनमर्यादा_रुपये * पीएफ_दर_टक्के / १००

यादीतल्या प्रत्येक आकड्याकडे या नजरेने पुन्हा पाहावे: हा दुसऱ्या आकड्यांचा गुणाकार, निम्मा किंवा बेरीज तर नाही ना? १,२५० हा १५,००० च्या ८.३३ टक्क्यांवरून येतो, पण गुणाकार १,२४९ रुपये ५० पैसे भरतो, म्हणून पूर्णांकाचा नियमही तिथेच उघडपणे लिहावा लागतो. हे नियम सगळीकडे सारखे नसतात: पीएफची रक्कम जवळच्या रुपयावर आणतात, तर राज्य विम्याची वरच्या रुपयावर. तेव्हा पूर्णांकासाठी प्रत्येकाचे वेगळे फंक्शन असावे, आणि पैशांचा हिशेब फ्लोट प्रकारच्या साध्या दशांशांऐवजी, अचूक हिशेब ठेवणाऱ्या डेसिमल प्रकारात करावा.

व्यवसायकराचे २,५०० मात्र उलट्या दिशेचे उदाहरण आहे. अकरा वेळा २०० आणि एकदा ३०० मिळून २,५०० होतात, म्हणून ती बेरीज वाटते. पण संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने घातलेली वर्षाची कमाल मर्यादाच २,५०० आहे आणि फेब्रुवारीचे जादा शंभर त्या बेरजेसाठी आले आहेत. इथे तिन्ही आकड्यांना स्वतंत्र नाव द्यावे आणि बेरीज मर्यादेबाहेर जात नाही याची एक चाचणी लिहावी.

७. स्थिरांक पुरेसा आहे की दरतक्ता हवा, ते ठरवावे

नाव दिले की काम संपले असे वाटू लागते, आणि पगाराच्या प्रोग्रॅममध्ये नेमके तेव्हा ते अर्ध्यावर असते. समजा, ऑगस्ट २०१४ ची थकबाकी ऑक्टोबरमध्ये द्यायची आहे. ऑगस्टच्या पगाराला जुनी मर्यादा लागू होती, आणि तुमच्या 'पीएफ_वेतनमर्यादा_रुपये' मध्ये आता नवी आहे. जुनी पगाराची पावती पुन्हा छापली, तरी तिच्यावर नवा हिशेब उमटेल. जो आकडा सरकार किंवा कंपनी एका तारखेपासून बदलते, त्याची जागा दरतक्त्यात आहे: दराचे नाव, किंमत, लागू होण्याची तारीख आणि अधिसूचनेचा तपशील असे रकाने ठेवावेत, आणि हिशेब करणाऱ्याने पगाराच्या महिन्याची तारीख देऊन दर मागावा. आजची तारीख देऊन मागणे ही इथली नेहमीची चूक आहे.

वर्षातले महिने आणि फेब्रुवारीचा क्रमांक कोडमध्ये स्थिरांक म्हणूनच शोभतात. प्रत्येक ग्राहकागणिक वेगळी असणारी गोष्ट, जसे रजेच्या कपातीसाठी महिना किती दिवसांचा धरायचा, ती सेटिंगमध्ये जावी. सगळेच सेटिंगमध्ये टाकण्याचा मोह मात्र टाळावा. 'वर्षातले महिने' हा रकाना एखाद्या ग्राहकाला स्क्रीनवर दिसला, तर कधी ना कधी तो बदलून पाहणारच.

८. स्थिरांक कुठे ठेवावेत आणि भाषेकडून काय अपेक्षा धरावी

प्रोग्रॅमभरचे सगळे स्थिरांक एकाच लांबलचक फाइलमध्ये कोंबू नयेत. पीएफचे पीएफच्या फाइलमध्ये, व्यवसायकराचे त्याच्या फाइलमध्ये, वापराच्या जवळ असावेत.

भाषांचे स्वभाव थोडक्यात सांगते. पायथनमध्ये स्थिरांक बदलण्यापासून कोणी अडवत नाही, ३.८ पासून 'फायनल' अशी खूण करता येते, पण ती मायपायसारखे तपासणीचे साधन पाहते, चालू प्रोग्रॅम पाहत नाही. जावास्क्रिप्टचे 'कॉन्स्ट' नावाला दुसरी किंमत चिकटू देत नाही, तरी त्या नावाखाली ऑब्जेक्ट असेल तर त्याच्या आतले बदलता येते. सीमध्ये 'डिफाइन' वापरून बेरीज लिहायची असेल, तर तिला कंस घालायला विसरू नये.

जावाचा स्वभाव अधिक फसवा आहे. 'स्टॅटिक फायनल' म्हणून जाहीर केलेला साधा आकडा कंपाइल होतानाच वापरणाऱ्या क्लासमध्ये उतरवून घेतला जातो. त्यामुळे स्थिरांक असलेली एकच जार फाइल (कंपाइल झालेल्या क्लासांचा गठ्ठा) नवी करून ग्राहकाकडे पाठवली, तर बाकीच्या जुन्या फाइली जुनीच किंमत घेऊन चालत राहतात, आणि कोडमध्ये कितीही डोळे फाडून पाहिले तरी चूक दिसत नाही. स्थिरांक बदलला की सगळेच पुन्हा कंपाइल करावे.

९. बदल थोडा थोडा करावा आणि रुपयान् रुपया जुळवावा

एका वेळी एकच आकडा घ्यावा, त्याला नाव द्यावे, चाचण्या चालवाव्यात आणि कमिट करावे, म्हणजे तो बदल संदेशासह गिटमध्ये नोंदवावा. कमिटच्या संदेशात आकड्याचे मूळही लिहावे. पुढे गिट ब्लेम करणाऱ्याला तेच हवे असते. आकड्याला नाव देणे आणि आकडा बदलणे ही दोन कामे एका कमिटमध्ये कधीही करू नयेत, कारण मग पगार बदलला तर तो कशामुळे बदलला ते कळत नाही.

सगळी नावे देऊन झाली, की सुरुवातीला बाजूला ठेवलेली मंजूर पगारपत्रके नव्या कोडने पुन्हा काढावीत आणि जुन्यांशी ताडून पाहावीत. केवळ नावे दिली असतील, तर एका रुपयाचाही फरक पडता कामा नये. मार्च ते जानेवारीची सगळी पत्रके जुळली तरी फेब्रुवारीचे वेगळे काढावे, आणि त्यात निदान एक पंधरा हजारांच्या आतला, एक त्याच्या वरचा आणि दहा ते पंचवीस हजारांमधली एक स्त्री कर्मचारी आहे ना, हे पाहून मगच ब्रँच मर्ज करावी, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळावी.